घुमटाखालचे सोमवार

आता त्यांना लोक ओळखतात. रस्त्यात अडवून सही मागण्याइतके नव्हे, पण अवकाशातली गाणी रॉकच्या दणक्यात म्हणणारे ते चौघं, असं म्हटलं की ऐकणारा "हां, ते होय!" म्हणतो. मुलाखत घ्यायला कुणी आलं की एक प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही प्रत्येक ओळीनंतर एवढे थांबता, ते अवकाशातली पोकळी दाखवायला का? मग ड्रम वाजवणारा मेहुणा गंभीर चेहरा करून "पोकळी हा आमच्या संगीताचा आत्मा आहे" असं बिनदिक्कत ठोकून देतो आणि ऑर्गन वाजवणाऱ्या काकू हसू दाबत खिडकीबाहेर बघतात. गाणारी मात्र गप्प बसते. खरं कारण सांगायचं तर एका घुमटाबद्दल आणि तिच्या वडिलांबद्दल सांगावं लागेल, आणि तेवढा वेळ मुलाखतवाल्यांकडे नसतो.

आपल्याकडे आहे.

ती तारांगणात निवेदन करायची. तारांगण म्हणजे एक जुनी गोल इमारत, वर प्लॅस्टरचा पांढरा घुमट, मधोमध दोन डोक्यांच्या मुंगीसारखं दिसणारं यंत्र. दिवे मालवले की ते यंत्र घुमटावर आकाश पाडायचं आणि अंधारातून हिचा आवाज यायचा: उजवीकडे बघा, हा ध्रुव, आता मान थोडी वळवा, हा व्याध. ती बसायची मागच्या कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यात, पडद्याआड. कार्यक्रम संपून दिवे लागायच्या आत मागच्या दाराने बाहेर. त्यामुळे शेकडो लोकांनी तिला ऐकलं होतं आणि पाहिलं जवळजवळ कुणीच नव्हतं. आवाज आकाशातून पडतो म्हणून तिचं नाव पडलं आकाशवाणी. पुढे पगाराची पाकिटं वाटणारा कारकूनसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायला लागला.

ही नोकरी तिने आवडीने धरली होती, पण तिच्या आवडीचं कारण तारे नव्हते. कारण अंधार होता.

नऊ वर्षांची असताना ती शाळेच्या स्टेजवर गायला उभी राहिली होती. अण्णा, म्हणजे तिचे वडील, शिंपी. त्यांनी तिच्यासाठी निळा झालरीचा फ्रॉक शिवला होता आणि पहिल्या रांगेत बसले होते. पेटी वाजली, हिची पहिली ओळ आली आणि हिने तोंडच उघडलं नाही. समोर नुसते चेहरे. पेटीवाल्या बाईंनी पुन्हा सुरुवात केली. हिची दातखीळ बसलेली ती बसलेलीच. मग अण्णा उठले, पायऱ्या चढून वर आले, तिचा हात धरला आणि म्हणाले, "चल बाळा, राहू दे." रागावले नाहीत, की घरी जाऊन कुणापाशी विषय काढला नाही. फक्त त्या दिवसानंतर त्यांनी तिला कधी, अगदी घरातल्या घरातसुद्धा, गा म्हणून सांगितलं नाही. तो फ्रॉक धाकट्या चुलत बहिणीला गेला.

अण्णांनी हे मायेपोटी केलं, हे तिला कळत होतं. पण माया वेगळी आणि भरवसा वेगळा. आपल्या मुलीला हे जमणार नाही, असं त्यांनी एकदाचं मनात लिहून टाकलंय, ही गोष्ट तिला आयुष्यभर टोचत राहिली. आई गेली, बापलेक एका घरात राहत होते, सकाळचा चहा एकत्र पीत होते, पण या विषयावर दोघांची अळीमिळी. अण्णा तारांगणात कधी आले नाहीत. मानेचं दुखणं होतं. वर बघून बसवत नाही म्हणायचे.

तर सोमवार. सोमवारी तारांगण बंद असायचं, पण यंत्राला सुट्टी नव्हती. आतल्या दातेरी चाकांचं ग्रीस थिजू नये म्हणून सुट्टीच्या दिवशीही तासभर आकाश फिरवावं लागायचं. हे काम शनीचं. शनी म्हणजे यंत्र चालवणारा. सदा उतरलेला चेहरा आणि डोक्यावर रुंद काठाची गोल टोपी, त्यामुळे हे नाव त्याला कुणी ठेवलं असेल असं वाटत नाही, ते आपोआपच आलं असणार. तो खटक्यांपाशी बसायचा आणि आकाशवाणी यंत्राशेजारच्या खुर्चीत मान मागे टाकून ओरडायची: "सप्तर्षींच्या शेपटीतला एक विझलाय!" मग शनी शिडी लावून यंत्रातल्या त्या ताऱ्याच्या भोकातली धूळ फुंकायचा. दुसऱ्या कुठल्या नोकरीत एवढं सुख नाही, असं ती म्हणायची. एवढं मोठं आकाश आणि बघायला दोघंच.

एका सोमवारी शनी येताना गिटार घेऊन आला. विजेवरची, जुनी, गळ्यापाशी चिकटपट्टी लावलेली. झाडूच्या यंत्राचा प्लग काढून त्याने तिथे आपला स्पीकर जोडला आणि एक तार छेडली. तो सूर वर गेला, घुमटाने उचलला, गोल फिरवला आणि सावकाश, अगदी सावकाश खाली सोडला. सूर पुरता विरेपर्यंत शनी थांबला. मग दुसरा छेडला.

तिसऱ्या सुराला आकाशवाणी गायला लागली.

ठरवून नाही. वर आकाशगंगा फिरत होती, अंधार गुडूप होता, ती एकटीच असल्यासारखी होती. तोंडातून रोजच्याच निवेदनातलं एक वाक्य आलं, ते बोलण्याऐवजी गाऊन आलं इतकंच. घुमटाने ते परत म्हटलं. तो आवाज आपला आहे हे कळल्यावर तिला दरदरून घाम फुटला. त्या क्षणी शनी "वा, काय गातेस!" म्हणाला असता, तर ती पुन्हा आयुष्यात गायली नसती, हे मी लिहून देतो. पण तो शनी. तो खटक्यांपाशी बसूनच म्हणाला, "वृश्चिकाची नांगी अंधूक वाटतेय का गं?"

"नाही, ठीक आहे," ती म्हणाली.

"मग पुढचं म्हण."

मेहुणा हा शनीच्या बायकोचा भाऊ, पत्र्याचं काम करणारा. घुमटाच्या मागून हवेचा पत्र्याचा बोगदा जायचा, तो गंजला म्हणून त्याला बोलावलं होतं. बोगद्यात पालथा पडून खिळे ठोकत असताना त्याला खालून गाणं ऐकू आलं आणि हातोडी आपोआप ठेका धरायला लागली. आत कुणी तरी अडकून मदत मागतोय, असंच आकाशवाणीला वाटलं.

"भाऊजी," काम संपवून, नाकाला काजळी लावून तो खाली आला आणि म्हणाला, "तुम्ही हे असलं करता आणि घरी म्हणता ग्रीस लावायला जातो?"

"ताईला सांगू नकोस."

"मला घेता का मग?"

पुढच्या सोमवारी तो भाड्याच्या टेम्पोतून ड्रम घेऊन हजर. त्यातले दोन विकत घेतलेले, बाकीचे उरलेल्या पत्र्यातून स्वतः वळवलेले. तेव्हापासून तो सगळ्या तारांगणाचा मेहुणा झाला.

काकू तिकीटखिडकीत बसायच्या. सुट्टे नसले की पुढच्याला मागच्याकडून सुट्टे घ्यायला लावायच्या, रांगेत घुसणाऱ्याला नुसत्या चष्म्यावरून बघायच्या आणि तो आपणहून शेवटी जाऊन उभा राहायचा. एकदा चष्मा विसरला म्हणून त्या सोमवारी आल्या आणि दारात उभ्या राहून सगळं गाणं ऐकलं. तिघांची पाचावर धारण बसली. आता ही बाई साहेबांना सांगणार!

काकू म्हणाल्या, "खालचा सूर कोण धरतंय?"

"कुणीच नाही," शनी म्हणाला.

"तेच म्हणते मी. पाया न घालता इमारत बांधताय. माझ्याकडे ऑर्गन आहे. यांनी हौसेने आणला होता, ते गेल्यापासून मी त्यावर कपडे वाळत घालते."

अशी ही चौकडी. गाणी त्यांना शोधावी लागली नाहीत. आकाशवाणीला अख्खं निवेदन पाठ होतं, त्याचेच तुकडे करून जोडले. चंद्र दर वर्षी थोडाथोडा लांब जातो, त्याचं एक. घरून निघालेल्या यानाचं एक, ते तर सगळ्यांचं लाडकं:

निघाले तेव्हा मागे घर दिसत होतं,
मग घराएवढा ठिपका दिसत होता,
आता सगळेच ठिपके,
त्यातला माझा कुठला?

एक ओळ म्हणायची. घुमट ती परत म्हणायचा, मग हळूहळू गिळायचा. तो गिळेपर्यंत थांबायचं, नाही तर पुढची ओळ मागचीवर चढून सगळा गोंधळ. कुणी कुणाला हे शिकवलं नाही. अंधारात एकमेकांचे हातही दिसत नव्हते. चौघंही कान वर लावून घुमटाचं म्हणणं संपायची वाट बघायचे आणि मग एकदम उचलायचे. किती थांबायचं हे अंगात मुरलं. आपण थांबतो आहोत हेसुद्धा ते विसरून गेले. बरीच वर्षं हे चाललं, आणि आजही त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कुठले? चौघंही सोमवारच म्हणतील.

साहेबांना अखेर कळलंच. तारांगणाचे साहेब म्हणजे सज्जन माणूस, पण उत्साह असा की समोरच्याला पळता भुई थोडी. तारांगणाचा वर्धापनदिन जवळ आला होता. "बाहेर हिरवळीवर स्टेज घालू! दुपारी चार वाजता! भर उन्हात लोकांना आकाश ऐकवायचं!" असं म्हणून त्यांनी चौघांना होय-नाही म्हणायची उसंतच दिली नाही.

"बँडचं नाव काय?" त्यांनी विचारलं. "पेंटरला फलक रंगवायला सांगतो."

नाव नव्हतं. सोमवारी कुणाला नाव लागतं? मग नाव शोधायची एकच धावपळ. मेहुण्याने 'उल्कापात' सुचवलं. शनी म्हणाला, आधी कार्यक्रम तरी होऊ दे, मग पात. 'कृष्णविवर'ला काकूंनी कानांवर हात ठेवले. म्हणाल्या, लोकांना वाटेल हे विवरात पडलेत, काढायला जाऊ या. शनीने फार विचार करून 'धूमकेतू' काढलं. त्यावर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मग आपलं पुढचं गाणं ऐकायला लोकांना नातवंडांना पाठवावं लागेल." कार्यक्रमाचा दिवस उजाडला तरी फलक कोराच होता. गडद निळा रंग, कोपऱ्यात चांदण्या, मधे काही नाही. पेंटर डबा आणि ब्रश घेऊन स्टेजच्या बाजूला येऊन बसला. ठरलं की सांगा म्हणाला.

आकाशवाणीला नावाचं पडलेलं नव्हतं. तिची झोप वेगळ्याच कारणाने उडाली होती. चौघांना एकसारखे गडद निळे सदरे हवेत असं काकूंनी ठरवलं, आणि शिंपी घरातच असताना बाहेर कुणाकडे जाणार?

"कशाला लागतायत?" अण्णांनी माप घेताना विचारलं.

"कार्यक्रम आहे. गाण्याचा."

"तू काय करणार त्यात?"

"गाणार."

अण्णांनी टेप गुंडाळली. पुन्हा उलगडली. मग खडूने कापडावर रेघ मारत म्हणाले, "बरं." रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "स्टेजवर जायच्या आधी घोटभर पाणी पी." येणार का, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तिला ते यायला हवे होते आणि यायला नकोही होते. एकदाच, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, त्यांनी आपलं एक गाणं ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. आणि समजा पुन्हा तसंच झालं, तर मात्र त्यानंतर त्यांच्यासमोर बसून चहा पिणं तिला जमणार नव्हतं.

अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट, मानेला पट्टा, पहिली रांग.

दुपारचं ऊन स्टेजवर सरळ येत होतं. आकाशवाणी माईकपाशी गेली आणि तिला समोर हिरवळभर चेहरे दिसले. एकूण एक चेहरा स्पष्ट. चष्म्यांच्या काड्यासुद्धा दिसत होत्या. तिने माईकची दांडी घट्ट धरली. मागून काकू हळूच म्हणाल्या, "अगं, डोळे मीट. सोमवार आहे समज."

तिने डोळे मिटले. शनीने तार छेडली, मेहुण्याने ठेका दिला, आणि ती गायली. "निघाले तेव्हा मागे घर दिसत होतं." अशी गायली की हिरवळीच्या पलीकडे कुल्फी विकणाराही वळून बघायला लागला.

आणि सगळे थांबले.

घुमटासाठी थांबले. पण वर घुमट होता कुठे? वर होतं मोकळं आकाश, आणि आकाश काही परत म्हणत नाही. ओळ गेली ती गेलीच. शनी बोटं तारांवर धरून थांबलेला, मेहुण्याच्या काठ्या हवेत, काकूंचे हात पट्ट्यांवर तरंगत. चौघंही इमानदारीने, सवयीने, एका न येणाऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. एवढ्या सोमवारांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की बाहेर घुमट नसतो. हसावं की रडावं अशी चूक, पण ती करायला घुमटाखालीच वाढावं लागतं.

लोकांना वाटलं, वीज गेली. कुणी तरी खोकलं. आकाशवाणीने डोळे उघडले आणि तिला अण्णा दिसले. ते उठले होते. पट्टा लावलेली मान ताठ ठेवून, खुर्चीचा आधार सोडून, ते स्टेजच्या पायऱ्यांकडे निघाले होते. उजवा हात पुढे केलेला होता. तोच हात. त्यांच्या चेहऱ्यावर तीच माया होती, आणि 'चल बाळा, राहू दे' त्यांच्या ओठांवर येऊन थांबलेलं तिला स्पष्ट दिसत होतं.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण घाबरलेलो नाही. गळा मोकळा आहे. पाय जागेवर आहेत. आपण फक्त थांबलो आहोत.

रोजच्या कार्यक्रमात, शेवटच्या अंधुक ताऱ्यांपाशी आलं की ती एक वाक्य म्हणायची: याच्याही पलीकडे तारे आहेत, त्यांचा प्रकाश निघालाय, पण अजून वाटेत आहे. इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य, की ते झोपेतही आलं असतं. आता वडिलांना थांबवायला काय बोलावं हे सुचेना, तेव्हा तेच तोंडात आलं. माईक चालू होता.

"अण्णा, थांबा," ती म्हणाली. "अजून वाटेत आहे."

सगळ्या हिरवळीने ते ऐकलं. अण्णा पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले. तिने दुसरी ओळ उचलली आणि मागचे तिघं, जिवात जीव आल्यासारखे, तिच्याबरोबर वाजवायला लागले. ओळ संपली. ते पुन्हा थांबले, कारण आता दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. पण या वेळी कुणी खोकलं नाही. तिसऱ्या वेळी लोक स्वतःच श्वास धरून बसले. काही जण तर मान वर करून आकाशाकडे बघत होते.

अण्णा जागेवर परत गेले नाहीत. गाणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिले, हात थोडासा पुढे, जसा निघताना होता तसाच. तो खाली घ्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नसावं. शेवटच्या ओळीनंतर टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी त्याच हाताने खिशातून रुमाल काढला.

इकडे पेंटरने आपलं काम उरकून टाकलं होतं. त्याला वाटलं, गाणाऱ्या बाईंनी अखेर नाव जाहीर केलं. फलकावर चांदण्यांच्या मधोमध पांढऱ्या ओल्या अक्षरांत 'अजून वाटेत' असं झळकत होतं. साहेबांनी ते खणखणीत आवाजात वाचलं आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"हे काय नाव झालं?" मेहुणा कुजबुजला. "लोक म्हणतील, बँड अजून पोचलाच नाही."

"गप्प बस," काकू म्हणाल्या. "रंग वाळला की ते आपलंच."

सामान आवरून बापलेक चालत घरी निघाले. संध्याकाळची उन्हं होती, दुकानं उघडी होती. अण्णा तिच्या सदऱ्याची कॉलर निरखत होते. डावी बाजू किंचित वर बसलीय, उसवून पुन्हा लावतो म्हणाले. ती हो म्हणाली. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी अण्णा उभे राहिले. मान वळवता येत नव्हती, म्हणून सगळं अंग तिच्याकडे वळवून त्यांनी विचारलं:

"शाळेत, त्या वेळी... तेव्हाही तू थांबलीच होतीस का गं? मी उगाच घाई केली का?"

म्हणजे इतकी वर्षं ते मनात धरून बसले होते ते हे. मुलीला जमणार नाही, हे नव्हेच. आपण एक क्षण आधी उठलो, हे. गा म्हणायचा आपल्याला हक्कच राहिला नाही असं समजून हा माणूस आजपर्यंत गप्प बसला होता, आणि ती त्या गप्प बसण्यावर रुसून होती.

खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं तेच सांगायचं होतं.

"नाही हो, अण्णा," ती म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला. "तेव्हा मी खरंच घाबरले होते. तुम्ही आला नसतात, तर अजून तिथंच उभी असते."

अण्णा हसले. मग त्यांना हसू आवरेना, मानेला कळ लागली तरी आवरेना, आणि खांबाला धरून ते हसत राहिले. घरी पोचल्यावर त्यांनी सदरा उसवायला घेतला आणि सुईत दोरा ओवताना, तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते ठिपक्यांचं पुन्हा म्हण की जरा."